पूर आला की टर्बाइन पूर्ण का चालवत नाहीत? धरण, वीजघर आणि सांडव्याचे दरवाजे

आयर्विन४५ | ३ जून, रात्री ९.४०

दर जुलैत हाच प्रश्न फिरतो, म्हणून पाऊस लागायच्या आत धागा काढतोय. कोयनेची वीजनिर्मिती क्षमता १,९६० मेगावॅट. मग सांडव्याचे दरवाजे उचलून खालच्या गावांत पाणी घालण्यापेक्षा आधीपासून सगळे संच पूर्ण चालवून धरण मोकळं का ठेवत नाहीत? वीजही मिळेल आणि पूरही टळेल.

जाणकारांनी आकड्यांत सांगावं. अलमट्टी इथे नको, त्यासाठी पाच-सहा धागे आधीच रडताहेत.

---

मुक्काम_पोफळी | ३ जून, रात्री १०.२५

आकड्यांतच घ्या. १ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी २४ तासांत सोडायचं तर ११,५७४ क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग लागतो. एवढा एक आकडा पाठ करा, मग पावसाळ्यातल्या निम्म्या बातम्या तुमच्या तुम्हाला तपासता येतात.

आता कोयना. धरण कृष्णा खोऱ्यात, पण बोगद्यांतून पश्चिमेकडे कोकणात वळणाऱ्या पाण्यावर वीजघरांचे टप्पा १, २ आणि ४ मिळून १,६०० मेगावॅट. टप्पा ३ धरू नका, तो तेच पाणी कोळकेवाडी या खालच्या धरणातून दुसऱ्यांदा वापरतो. हेड (पाणी पडण्याची उंची) साधारण ४८० मीटर आणि कार्यक्षमता ९० टक्के धरली तर १,६०० मेगावॅटला सेकंदाला ३७७ घनमीटर, म्हणजे १३,३०० क्युसेक पाणी लागतं. पायथा वीजगृहाच्या दोन संचांचे २,१००. एकूण १५,४०० क्युसेक. दिवसाला १.३३ टीएमसी.

घाटमाथ्यावर झोडपून काढणारा पाऊस असला की आवक लाख क्युसेकच्या घरात जाते. तेच ८.६४ टीएमसी रोज. सगळे संच एकही न बिघडता चालले तरी रोज सात टीएमसीच्या वर पाणी धरणात साठतच राहणार.

'आधीपासून मोकळं ठेवा' याला दोन अडचणी आहेत. कोयनेत सांडव्याच्या माथ्यापर्यंतचा साठा ७३.१८ टीएमसी, पूर्ण भरल्यावर १०५.२५. त्या ७३ च्या खालचं पाणी सहा वक्री (कमानीसारख्या, पिनेवर फिरणाऱ्या) दरवाज्यांतून काढताच येत नाही, कारण ते दरवाज्यांच्या खाली आहे. म्हणजे पुरासाठी दरवाज्यांनी खेळता येईल अशी जागा ३२ टीएमसी, तीही सगळी मोकळी असेल तर. दुसरी अडचण कृष्णा पाणीतंटा लवादाची. पश्चिमेला वळवायची मुभा वर्षाला ६७.५ टीएमसी. ती जुलै-ऑगस्टातच उडवली तर मार्च ते मेच्या संध्याकाळी काय चालवणार?

---

मुक्काम_पोफळी | ३ जून, रात्री १०.३८

एक राहिलं. ते १३,३०० क्युसेक जातात कुठे? वाशिष्ठीत. कृष्णेचा पूर कमी करायला पाणी पश्चिमेला ढकलायचं आणि त्याच रात्री कोकणात ढगफुटीसारखा पाऊस नि भरती एकत्र आली, तर ते चिपळूणच्या डोक्यावर. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर कोळकेवाडीच्या विसर्गावरून जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हीच भौगोलिक गोम आहे. केरळच्या इडुक्की धरणातही असंच आहे. चेरुतोणीचे दरवाजे उघडले की पाणी पेरियारला, मूलमट्टमचं वीजघर चालवलं की तोडुपुळा-मूवाट्टुपुळा खोऱ्यात. दोन खोऱ्यांत एकदम पूर असेल तर 'वीजघरातून सोडा' म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात सोडा.

---

तीन_फेज | ४ जून, सकाळी ७.१५

वरचं सगळं संच चालू आहेत असं धरून. वादळात नेमके तेच बंद पडतात.

वादळात झाडं पडून वितरण वाहिन्या तुटतात आणि मागणी झपकन खाली येते. ग्रिड सांभाळणारं भार प्रेषण केंद्र सगळ्यात आधी जलविद्युत संचांनाच निर्मिती कमी करायला सांगतं, कारण ते मिनिटांत कमी होतात. ही झाली सरळ गोष्ट. वाकडी अशी, की पारेषण वाहिनीच ट्रिप झाली तर भार एका क्षणात शून्य, टर्बाइनचा वेग चढतो, गव्हर्नर (वेग नियंत्रक) झडपा बंद करतो आणि फ्रान्सिस (पाण्यात बुडून फिरणाऱ्या) टर्बाइनमधून जाणारं पाणी काही सेकंदांत थांबतं. पेल्टनला (धारेच्या माऱ्यानं फिरणाऱ्या चाकाला) डिफ्लेक्टर असतो. धार चाकावरून बाजूला वळते, पाणी थोडा वेळ वाहतं, पण नोझल हळूहळू मिटतंच. (कोयनेचे टप्पा १-२ पेल्टन, ३-४ फ्रान्सिस.) थोडक्यात, पुराच्या हिशोबात वीजघराचा विसर्ग शून्य धरायचा. मिळाला तर वरकड.

आणखी एक, खालच्या बाजूची पातळी. नदी फुगली की टेलरेसमधलं, म्हणजे वीजघरातून बाहेर पडणाऱ्या चरातलं पाणी चढतं. पेल्टनचं चाक हवेत मोकळं फिरायला हवं, त्याला पाणी टेकू लागलं की संच थांबवावाच लागतो. फ्रान्सिसचं हेड घटतं. पायथ्याच्या वीजघरात तर पाणी केबल डक्टमधून, ड्रेनेजच्या पाइपातून उलटं आत शिरतं. भिंत मजबूत असते, भोकं बुजवलेली नसतात.

खरा प्रश्न पुढे आहे. संच बंद, ग्रिड बंद. आता सांडव्याचे दरवाजे कोणत्या विजेवर उचलणार?

---

पावसाळी | ४ जून, सकाळी ८.०२

+१. सायानो-शुशेन्स्कायाची आठवण झाली.

---

तीन_फेज | ४ जून, सकाळी ८.३०

@पावसाळी, बरोबर. १७ ऑगस्ट २००९, रशिया. पुराशी संबंध नव्हता, टर्बाइनचं झाकण उडालं आणि यंत्रदालन बुडालं, ७५ माणसं गेली. पण आपल्या विषयाला लागू पडणारा भाग वेगळा आहे. ६,४०० मेगावॅटचं केंद्र स्वतःच्या विजेला पारखं झालं. टर्बाइनकडे जाणाऱ्या पाण्याचे वरचे दरवाजे कर्मचाऱ्यांनी हातानं सोडले आणि सांडव्याचे दरवाजे उचलणाऱ्या क्रेनला वीज द्यायला डिझेल जनित्र लावावं लागलं. तोवर वरून नदी येतच होती.

म्हणून सांडव्याच्या डीजी (डिझेल जनित्र) सेटबद्दल चार गोष्टी, ज्या तपासणीच्या कागदावर 'ठीक' असतात आणि प्रत्यक्षात नसतात:

सेट रिकामा सुरू करून दाखवणं ही चाचणी नव्हे. भार देऊन, म्हणजे खरंच एक दरवाजा थोडा उचलून, किमान अर्धा तास चालवा. रिकामा चालणारा सेट मोटर सुरू होतानाच्या झटक्याला मान टाकतो.

सेट सुरू न होण्याचं सर्वांत सामान्य कारण इंजिन नसतं, स्टार्टरची बॅटरी असते. चार्जर बंद पडलेला असतो आणि त्याकडे मेपासून कुणी पाहिलेलं नसतं.

डिझेल ७२ तासांचं आणि धरणमाथ्यावर. पायथ्याच्या गोदामात ठेवलेलं डिझेल पुराच्या रात्री पोचत नाही, रस्ता आधी जातो.

चौथी फेजच्या क्रमाची. केबल दुरुस्त करताना किंवा भाड्याचा सेट जोडताना दोन फेज अदलाबदल झाल्या तर मोटर उलटी फिरते. 'वर' दाबलं तरी दरवाजा खाली जायला बघतो, तो आधीच बसलेला असतो, मग वायर रोप सैल पडून ड्रमवर गुंता होतो. त्यातून वाईट म्हणजे दिशा उलटली की लिमिट स्विच (दरवाजा टोकाला पोचल्यावर मोटर थांबवणारा) चुकीच्या दिशेच्या काँटॅक्टरला (मोटरच्या स्विचला) बंद करतो, म्हणजे संरक्षण गेलंच. फेज सीक्वेन्स मीटर खिशात मावतो. तो लावल्याशिवाय बटणाला हात नाही.

---

नेमका_प्रश्न | ४ जून, सकाळी ११.१०

हॉइस्टला (दरवाजा उचलणाऱ्या यंत्राला) हातानं फिरवायचा दांडा असतो ना? मग विजेचं एवढं का?

---

वक्री_दरवाजा | ४ जून, दुपारी १.२०

@नेमका_प्रश्न, असतो. गणित करून बघू. दरवाजा उचलायला ६० टन ओढ लागते असं धरा. एक मीटर उचलायला सुमारे ५९० किलोज्यूल. गिअर, ड्रम, पुल्या मिळून निम्मी ताकद घर्षणात जाते, म्हणजे १,१८० किलोज्यूल. धडधाकट माणूस सलग ७५ वॅट देतो. दोघांनी दांडा फिरवला तर एका दरवाज्याला एका मीटरला २ तास १० मिनिटं. साडेसात किलोवॅटची मोटर तेच काम अडीच-पावणेतीन मिनिटांत करते. सहा दरवाजे, तीन-तीन मीटर, वर पाऊस आणि वारा... दांडा हा दरवाजा शेवटच्या चार इंचांत अडकला तर कामाचा. पूर दांड्यावर निघत नाही.

आता दरवाजा स्वतः. वक्री दरवाज्याचा पत्रा आणि गर्डर सगळे बघतात, रंगवतात. तो मोडतो मागच्या बाहूंत आणि ट्रनियन पिनपाशी, म्हणजे तो ज्यावर फिरतो त्या पिनेपाशी. १७ जुलै १९९५ ला कॅलिफोर्नियात फॉल्सम धरणाचा ३ नंबरचा दरवाजा उचलत असताना मोडून पडला. जलाशय जवळजवळ भरलेला. पिनेवर गंज चढत गेला, घर्षण वाढत गेलं आणि ते घर्षण बाहू वाकवू लागलं. मूळ संकल्पनात हा भार धरलेलाच नव्हता. बाहूंमधला एक तिरका टेकू सुटला, मागोमाग बाकीचे. सुमारे ४०,००० क्युसेक पाणी मोकळं झालं. आणि मजा बघा, तो दरवाजा उघडायला घेतला होता कशासाठी? वीजघर बंद ठेवलं होतं म्हणून. म्हणजे आपला धागा.

यातून शिकायचं ते ग्रीसचं. दरवाजा स्थिर असताना पंपानं ग्रीस भरलं तर ते मोकळ्या बाजूनं सरकतं, दाबाची बाजू कोरडीच राहते. दरवाजा हलत असताना ग्रीस भरायचं. पावसाळ्याआधी पाणी सांडव्याच्या माथ्याखाली असतं तेव्हा दरवाजा पूर्ण प्रवासभर वर-खाली करता येतो. ती संधी वर्षातून एकदाच मिळते. मोटरचा अँपिअर दरवर्षी त्याच उंचीला लिहून ठेवा. त्याच दरवाज्याचा अँपिअर वर्षागणिक चढत असेल तर पिन, सील किंवा गिअरबॉक्स, काहीतरी सांगतंय.

वायर रोप: वरचा ड्रमवरचा भाग चकाचक असतो. गंजतो तो खालचा, पत्र्याला जोडलेला कान, जिथे कायम ओल आणि शेवाळ. तिथे कुणी वाकून बघत नाही.

---

आयर्विन४५ | ४ जून, दुपारी ४.०५

तुंगभद्रेचं काय झालं होतं? तिथे तर दरवाजाच वाहून गेला.

---

वक्री_दरवाजा | ४ जून, सायंकाळी ५.५०

तिथे वक्री नाहीत, उभे सरकणारे दरवाजे आहेत, ३३, प्रत्येक ६० फूट बाय २० फूट, साखळीवर तोललेले. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री १९ नंबरची साखळी तुटली आणि दरवाजा गेला. धरण जवळपास भरलेलं. एका बाजूला ताण नको म्हणून इतर दरवाजे उघडून जलाशय उतरवावा लागला. मग वाहत्या पाण्यात तुकड्या-तुकड्यांनी स्टॉपलॉग (खाचेत बसवायच्या आडव्या फळ्या) सोडून आठवडाभरात तोंड बंद केलं. वाहत्या पाण्यात स्टॉपलॉग बसवणं हे धाडसच, एरवी ते स्थिर पाण्यात टाकायचे असतात.

प्रत्येक धरणानं विचारावं असा प्रश्न: आपल्या सांडव्याला स्टॉपलॉगच्या खाचा आहेत का, स्टॉपलॉगचा एक पूर्ण संच जागेवर आहे का, आणि तो उचलणारी क्रेन चालते का? तिन्हीची उत्तरं 'हो' असलेली धरणं मोजकी निघतील असा माझा अंदाज.

---

खडक_आणि_गाळ | ५ जून, सकाळी ९.००

सगळे दरवाज्यांवरच अडलात. दरवाजे उघडले, पाणी सुटलं. पण सांडवा तेवढ्याला पुरतो का, आणि पुढे ते पडतं कुठे?

भारतीय मानक ११२२३ प्रमाणे साठा ६ कोटी घनमीटरच्या वर किंवा पाणदाब ३० मीटरच्या वर असेल तर सांडवा संभाव्य महत्तम पुराला (तिथे येऊ शकेल अशा मोठ्यात मोठ्या पुराला) पुरायला हवा. त्याहून लहान, मध्यम धरणाला त्याखालोखालचा 'प्रमाणित पूर'. शिवाय दहा टक्के दरवाजे, किमान एक तरी, उघडलेच नाहीत ही आणीबाणीही तपासायची. जुनी धरणं तेव्हाच्या तुटपुंज्या पावसाच्या नोंदींवर बांधली. मच्छू-२ (मोरबी, ११ ऑगस्ट १९७९) चा सांडवा साधारण साडेपाच हजार घनमीटर प्रतिसेकंदासाठी होता, पूर त्याच्या कितीतरी पट आला. मातीचे बांध दोन्हीकडून वाहून गेले, मधला दगडी सांडवा उभा राहिला. अमेरिकेत मिशिगनच्या ईडनव्हिलचा वीजनिर्मितीचा परवाना तर २०१८ मध्ये सांडवा अपुरा म्हणूनच रद्द झाला होता. १९ मे २०२० ला ते गेलं. आणि गंमत म्हणजे पाणी माथ्यावरून गेलंच नाही. पातळी नेहमीपेक्षा वर चढली आणि सैल वाळूचा बांध आतून भिजून एकदम द्रवासारखा खचला.

---

पावसाळी | ५ जून, सकाळी ९.४०

२०१७ ला कॅलिफोर्नियातलं ओरोविल धरण फुटलं तेही सांडव्यामुळेच ना?

---

खडक_आणि_गाळ | ५ जून, सकाळी १०.३०

ओरोविल फुटलं नाही. ७७० फुटी बांधाला ओरखडासुद्धा नव्हता. ७ फेब्रुवारीला मुख्य सांडव्याच्या काँक्रीट उतारात पन्नास हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग असताना खड्डा पडला. लादीखालचा निचरा आणि सांध्यांतून शिरलेलं पाणी लादी खालून उचलत होतं, खालचा खडक कुजलेला. मग विसर्ग कमी केला, जलाशय चढला आणि ११ तारखेला पाणी आणीबाणीच्या सांडव्यावरून गेलं. तो म्हणजे टेकडीच्या माथ्यावरचा काँक्रीटचा उंबरा, पुढे नुसती डोंगरउताराची माती. फार तर १२,६०० क्युसेक गेलं असेल, त्याच्या कागदी क्षमतेपुढे किरकोळ. पण माती धुपत धुपत उंबऱ्याकडे मागे सरकू लागली. १२ ला संध्याकाळी १ लाख ८८ हजार लोकांना हलवलं. शेवटी मोडक्या मुख्य सांडव्यातूनच लाख क्युसेक सोडून पातळी उतरवली.

वीजघर? राडारोडा नदीत साचून खालचं पाणी चढलं आणि ते बंद ठेवावं लागलं. @तीन_फेज यांचा मुद्दा तंतोतंत.

पाणी सोडतानाची शिस्तही सांगतो. मधले दरवाजे आधी, मग दोन्हीकडे सारखे. एकाच बाजूचे उघडले तर शमनकुंडात (सांडव्याखाली पाण्याचा जोर मोडणाऱ्या कुंडात) भोवरा होतो, खालचे दगड आत ओढले जातात आणि जात्यासारखे काँक्रीट दळतात. पावसाळ्यानंतर कुंड उपसलं की दीड-दोन हात खोल गुळगुळीत खळगे दिसतात, ते त्यामुळे. आणि दरवाजा दोन-चार इंचांवर तासन्‌तास ठेवू नका, त्या फटीत तो थरथरतो.

---

नेमका_प्रश्न | ५ जून, दुपारी १२.१५

बातमीत 'दरवाजे एक फुटानं उचलले' म्हणतात. म्हणजे किती पाणी?

---

वक्री_दरवाजा | ५ जून, दुपारी १२.५०

पाणी किती उंच आहे त्यावर. १२ मीटर रुंद दरवाजा, मागे ८ मीटर पाणी, ०.३ मीटर उघडा, गुणक ०.७ धरला तर सेकंदाला ३१ घनमीटर, म्हणजे ११०० क्युसेक. असे सहा, म्हणजे ६,६००. पाणी निम्म्या उंचीवर असेल तर विसर्ग निम्मा होत नाही, वर्गमुळात घटतो, साधारण सत्तर टक्के राहतो. म्हणून फूट वाचू नका, क्युसेक वाचा.

---

खडक_आणि_गाळ | ५ जून, रात्री ८.२०

धरणाच्या पोटातलंही बोलू. पातळी चढताना गॅलरीतली (भिंतीच्या आतल्या बोगद्यातली) गळती दर तासाला मोजायची. ९० अंशांच्या व्ही-नॉचवर (गळती मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेवर) १० सेंटिमीटर पाणी म्हणजे सेकंदाला ४.४ लिटर, १२ सेंटिमीटर म्हणजे ६.९. पट्टीवर दोन सेंटिमीटर, पाण्यात दीडपट. नोंदवहीत 'किंचित वाढ' लिहिणाऱ्याला हे माहीत हवं.

त्याहून महत्त्वाचा रंग. मातीच्या बांधाच्या पायथ्याशी स्वच्छ गळती वाढली तर लक्ष ठेवा, गढूळ झाली तर थांबू नका, बारीक माती आतून वाहून येतेय. काचेच्या बाटलीत नमुना धरून तासभर ठेवा, तळाशी गाळ बसतो का बघा. असा झरा चिखलानं बुजवायचा नाही. आधी वाळू, मग खडी, मग मोठा दगड असा उलटा गाळणी-थर टाकायचा, म्हणजे पाणी निघतं आणि माती अडते. पानशेतला (१२ जुलै १९६१) अर्धवट बांधकामातल्या विमोचकात (पाणी सोडायच्या मार्गात) पाण्यानं हादरे बसून वरचा भराव खचत गेला होता. तिथे माथ्यावर पोती रचून बांध उंच ठेवायची धडपड झाली, पण आजार पोटात होता.

काँक्रीटच्या धरणात निचऱ्याची छिद्रं क्षारांनी चोंदली की भिंतीखालचा उत्थान दाब (तिला वर उचलणारा पाण्याचा दाब) चढतो. छिद्रातून पाणी येत नाही म्हणून खूश होऊ नये.

---

तीन_फेज | ५ जून, रात्री ९.०५

आणि गॅलरीचा सम्प पंप (गळती साठणारा खड्डा उपसणारा) त्याच वीजवाहिनीवर असतो. सेकंदाला १० लिटर गळती आणि ३० घनमीटरचा सम्प असेल तर वीज गेल्यावर ५० मिनिटांत गॅलरीत पाणी. मग पिझोमीटर (पाण्याचा दाब मोजणारी नळी) वाचायला कुणी उतरू शकत नाही. डीजी सेटच्या भारात दरवाज्यांच्या मोटरींसोबत हा पंप, सायरन आणि बिनतारी संचही धरावा. मोबाइल टॉवरची बॅटरी काही तासांची असते, आणीबाणीचा आराखडा मोबाइल नंबरांच्या यादीवर उभा असेल तर मध्यरात्रीनंतर तो कागदच.

---

आयर्विन४५ | ६ जून, सकाळी ७.५०

सगळ्यांचे आभार. धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक आहे ना? त्या अहवालात सामान्य माणसानं काय शोधावं?

---

वक्री_दरवाजा | ६ जून, सकाळी ९.१५

हो, दोन्ही तपासण्या आणि आणीबाणी कृती आराखडाही. अहवाल हाती लागला तर 'दरवाजे सुस्थितीत' हे वाक्य सोडून द्या. प्रत्येक दरवाजा किती मीटर उचलून पाहिला, ग्रिडवर की डीजीवर, मोटरचा अँपिअर किती आला आणि कोणत्या तारखेला, एवढं शोधा. 'दरवाजा क्र. ४ दुरुस्ती प्रस्तावित' असं दिसलं तर मागच्या वर्षीचा अहवालही काढा. तिथेही तेच वाक्य असेल तर पावसाळ्याआधी दुरुस्ती झाली का, एवढंच पाटबंधारे उपविभागाला लेखी विचारा.

---

तीन_फेज | ६ जून, सकाळी ९.३२

आणि डीजी सेटचा तासमीटर. मागच्या तपासणीत ११२ तास आणि यंदाही ११२ असतील, तर मधल्या काळात तो एकदाही चालवलेला नाही.